हिमप्रदेशात गाडी चालवताना : काच धुण्याचे पाणी गोठू नये म्हणून

आपल्या व्यापारी कुटुंबांतील अनेक मुले-मुली शिक्षण, नोकरी अथवा व्यवसायाच्या निमित्ताने शिकागो, डेट्रॉईट, मिनीआपोलिस, टोरांटो यांसारख्या शहरांत स्थिरावली आहेत. डिसेंबर उजाडला की इकडून दूरध्वनीवर चौकशी सुरू होते : लोकरीचे कपडे पुरेसे आहेत ना, घर उबदार आहे ना, खोकला तर नाही ना. ही काळजी योग्यच आहे. तथापि त्या प्रदेशातील हिवाळ्याचा एक मोठा धोका घराबाहेर, रस्त्यावर असतो, आणि तो टाळण्याचे एक साधन इतके स्वस्त व क्षुल्लक असते की त्याची चौकशी कोणी करीत नाही. ते साधन म्हणजे गाडीची समोरची काच धुण्याचे पाणी. त्यास तिकडे वॉशर फ्लुइड म्हणतात.

महाराष्ट्रात या पाण्याचा विचार करण्याचे कारणच पडत नाही. बॉनेट उघडून टाकीत नळाचे पाणी ओतले, फार तर त्यात थोडा शाम्पू घातला, की वर्षभराचे काम भागते. हीच सवय घेऊन एखादा तरुण शिकागोस गेला आणि त्याने ऑक्टोबरमध्ये टाकी साध्या पाण्याने भरली, तर नोव्हेंबर संपण्यापूर्वी त्याच्या टाकीत बर्फाचा गोळा असेल. तो गोळा आहे हे त्याला कळते ते बहुधा ऐन रस्त्यावर, पुढच्या मालमोटारीने काचेवर चिखल उडवल्यानंतर.

हिवाळ्यात काच अधिक का मळते?

बर्फ पडला म्हणजे सारे धवल आणि स्वच्छ, अशी आपली कल्पना असते. रस्त्यावरील स्थिती अगदी निराळी असते. बर्फ वितळावा म्हणून तेथील नगरपालिका रस्त्यांवर मोठ्या प्रमाणात मीठ पसरतात. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. म्हणून शून्याखालीही रस्त्यावर बर्फाऐवजी खारट, करडा चिखल राहतो. पुढे धावणाऱ्या वाहनांची चाके हा चिखल तुषारांच्या रूपाने मागच्या गाडीच्या काचेवर उडवतात. त्यातील पाणी वाऱ्याने सुकते आणि मीठ व धूळ यांचा पांढुरका पापुद्रा काचेवर राहतो.

अशा काचेवर कोरडे वायपर फिरवले तर पापुद्रा निघत नाही. उलट तो सारवल्यासारखा काचभर पसरतो. त्यात हिवाळ्याचा सूर्य दिवसभर क्षितिजालगत असतो. त्याची तिरपी किरणे त्या पापुद्र्यावर पडली की संपूर्ण काच दुधाळ चमकू लागते आणि पलीकडचे काहीही दिसेनासे होते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. काच आंधळी झाल्यावर चालकाने चार सेकंद चाचपडत घालवले, तरी तेवढ्यात ११० मीटरांहून अधिक रस्ता त्याने न पाहता ओलांडलेला असतो. मुलांना पाठशाळेला सोडणे असो वा रोजची कचेरी, हा धोका प्रत्येक फेरीत असतो.

याच कारणाने ब्रिटनमध्ये काच धुण्याची सोय चालू स्थितीत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. टाकी साधारणतः तीन ते पाच लिटरांची असते. पण चिखलाच्या दिवशी लांबच्या प्रवासात ती एका दिवसात रिकामी होऊ शकते. म्हणून जाणते चालक भरलेला एक जादा कॅन नेहमी गाडीत ठेवतात.

गोठते तेव्हा नेमके काय होते?

पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. बंद नळीत किंवा काठोकाठ भरलेल्या टाकीत या फुगण्यास जागा नसते. परिणामी टाकीस चीर जाते, तळाशी बसवलेल्या छोट्या पंपाचे आवरण फुटते, किंवा नळी सांध्यातून निसटते. बर्फ वितळून सारे पाणी जमिनीवर गळेपर्यंत हे नुकसान दिसतही नाही.

हे टाळण्यासाठी हिवाळी द्रावणात अल्कोहोल मिसळलेले असते. अमेरिका व कॅनडात ते बहुतांशी मिथेनॉल असते. शुद्ध मिथेनॉल उणे ९८ अंशांच्या आसपास गोठते, म्हणून पाण्यात त्याचे प्रमाण जितके वाढवावे तितका मिश्रणाचा गोठणबिंदू खाली जातो. वजनाने १० टक्के मिथेनॉल असलेले मिश्रण साधारण उणे ७ अंशांपर्यंत टिकते, २० टक्क्यांचे उणे १५ पर्यंत, ३० टक्क्यांचे उणे २६ पर्यंत आणि ४० टक्क्यांचे उणे ३८-३९ अंशांपर्यंत.

मिश्रण गोठण्याची रीत साध्या पाण्यापेक्षा वेगळी असते. ते एकदम दगडासारखे होत नाही. प्रथम त्यातील पाण्याचे बारीक स्फटिक वेगळे होतात आणि उरलेले द्रव अधिकाधिक तीव्र होत जाते. टाकीत डोकावले तर रसवंतीगृहातील बर्फाच्या चुऱ्यासारखा लगदा दिसतो. हा लगदा हलतो, त्यामुळे सारे ठीक आहे असे वाटते. पण ज्या नोझलमधून पाणी काचेवर उडायचे त्याचे छिद्र सुईच्या टोकाएवढे असते, आणि ते अडवण्यास दोन-चार स्फटिक पुरे होतात. म्हणून टाकीतील पाणी हलते आहे एवढ्यावर विसंबून राहू नये.

आकड्यांचा घोळ

अमेरिकेतील दुकानात या द्रावणाचे कॅन रांगेने मांडलेले असतात. त्यांवर मोठ्या अक्षरात एक आकडा असतो. भारतातून गेलेल्या माणसाची फसगत येथेच होते, कारण तो आकडा फॅरेनहाइटमध्ये असतो आणि आपले मन सेल्सिअसमध्ये विचार करते. ज्या कॅनवर ३२ हा आकडा आहे ते द्रावण ३२ अंश फॅरेनहाइटला, म्हणजे शून्य सेल्सिअसलाच गोठते. ते केवळ उन्हाळ्याचे आहे. उणे २० लिहिलेले द्रावण उणे २९ सेल्सिअसपर्यंतचे असते. कॅनडात आकडे सेल्सिअसमध्ये असतात आणि तेथे उणे ४० किंवा त्याहूनही खालचे द्रावण सहज मिळते. उणे ४० हा एकच आकडा असा की जेथे दोन्ही मापे जुळतात. तो लिहिलेला कॅन कोणत्याही देशात घेतला तरी अर्थ एकच.

उणे २९ सेल्सिअस ऐकताना पुरेसे वाटते. पण ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोचे तापमान उणे २३ अंश फॅरेनहाइट, म्हणजे जवळजवळ उणे ३१ सेल्सिअसपर्यंत उतरले होते. त्याच दिवशी मिनीआपोलिसमध्ये ते उणे २८ फॅरेनहाइट, म्हणजे उणे ३३ सेल्सिअस होते. उणे २० फॅरेनहाइटचे प्रामाणिक द्रावणही त्या दिवशी उघड्यावरील गाडीत गोठणारच. म्हणून आपल्या शहरात हिवाळ्यात नित्य पडणाऱ्या थंडीपेक्षा, आजवर पडलेल्या कडक थंडीचा विचार करून द्रावण निवडावे. किमतीतील फरक दोन-चार डॉलरांचा असतो.

दुसरी फसगत मिसळीची. टाकीत उन्हाळ्याचे पाणी अर्धे शिल्लक आहे, ते कशाला वाया घालवायचे, असा विचार काटकसरी मनास स्वाभाविक वाटतो. म्हणून वरून उणे २६ अंशांचे द्रावण ओतले जाते. अर्ध्याला अर्धे मिसळले तर संरक्षण निम्मे, म्हणजे उणे १३ अंशांचे उरावे, असा हिशेब कोणीही करील. प्रत्यक्षात मिथेनॉल ३० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर येते आणि मिश्रण उणे १० ते ११ अंशांनाच गोठू लागते. द्रव्य निम्मे झाले की संरक्षण निम्म्याहून कमी उरते. यास्तव थंडी सुरू होण्यापूर्वी जुने पाणी काचेवर उडवून टाकी पूर्ण रिकामी करावी, मगच हिवाळी द्रावण भरावे. वाचवलेल्या दोन लिटर पाण्याची किंमत पुढे पंपाच्या रूपाने मोजावी लागते.

तिसरी गोष्ट प्रवासाची. कॅलिफोर्नियाच्या बहुतांश भागात हवेच्या शुद्धतेच्या नियमांमुळे विकल्या जाणाऱ्या द्रावणात अल्कोहोल फारच थोडे असते. तेथे टाकी भरून कोणी सिएरा नेवाडाच्या बर्फाळ डोंगरांत किंवा त्याहून उत्तरेस गेला तर ते द्रावण पहिल्याच रात्री दगा देते. उबदार प्रदेशातून थंड प्रदेशात जाताना टाकी बदलणे हे सामान बांधण्याइतकेच आवश्यक मानावे.

युरोपीय संघाने तर २०१९ च्या मे महिन्यापासून सर्वसामान्य ग्राहकांस विकल्या जाणाऱ्या अशा द्रावणात ०.६ टक्क्यांहून अधिक मिथेनॉल ठेवण्यास मनाई केली आहे. तेथे इथेनॉलयुक्त द्रावण मिळते आणि पुष्कळदा ते तीव्र अर्काच्या स्वरूपात असते. अर्कात किती पाणी मिसळले असता किती थंडी सोसेल याचा तक्ता बाटलीवर छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय पाणी मिसळू नये.

काचेवरच गोठणारे द्रावण

कित्येकदा टाकीतील द्रावण पातळ असते, पंप चालतो, फवारा नीट उडतो, आणि काचेवर पडताक्षणी त्याचा अपारदर्शक बर्फ होतो. बाहेर उणे १५ आणि कॅनवर उणे २९ असताना असे का व्हावे? विक्रेत्याने फसवले, असा संशय येतो. बहुधा त्यात विक्रेत्याचा दोष नसतो. अल्कोहोल झपाट्याने उडून जाणारे द्रव्य आहे. तळहातावर घेतले असता थंडावा लागतो, कारण उडून जाताना ते उष्णता घेऊन जाते. धावत्या गाडीच्या काचेवर, जोराच्या वाऱ्यात, हीच क्रिया फार वेगाने होते : अल्कोहोल निघून जाते, काच अधिक गार होते आणि मागे उरलेल्या पाण्याचा बर्फ बनतो. शिवाय निरभ्र रात्री उघड्यावर उभी असलेली काच आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही थंड झालेली असते.

म्हणून गाडी सुरू केल्याबरोबर फवारा उडवू नये. प्रथम काचेवरील बर्फ स्क्रेपरने खरवडून काढावा, डीफ्रॉस्टरची गरम हवा आतून काचेवर सोडावी आणि काच उबदार झाल्यावरच द्रावण वापरावे. धावत्या गाडीतही डीफ्रॉस्टर चालू ठेवावा. काच कोमट असेल तर सामान्य द्रावणही काम देते. काच गार असेल तर उत्तम द्रावणही फसते.

गोठलेच तर काय करावे?

पहिला नियम संयमाचा. फवारा येत नाही म्हणून बटण पुनःपुन्हा दाबू नये. बर्फात अडकलेला पंप फिरू शकत नाही, त्याची मोटर तापते आणि फ्यूज उडतो किंवा मोटरच जळते. बटण एकदा दाबून कान द्यावा. पंपाची घरघर ऐकू आली पण पाणी आले नाही, तर अडथळा बहुधा नोझल वा नळीत आहे. आवाजच आला नाही, तर पंप बर्फात घट्ट बसला आहे किंवा फ्यूज गेला आहे. बर्फ वितळल्यानंतरही आवाज न आल्यास प्रथम फ्यूज तपासावा. ते काम किरकोळ खर्चाचे असते.

नोझल अडले असेल तर उपाय सोपा आहे. कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके त्यावर थोडा वेळ धरावे, किंवा हिवाळी द्रावणाचे काही थेंब थेट छिद्रावर सोडावेत. बॉनेटवरील बर्फ झाडताना तो नोझलमध्ये दाबला जातो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

टाकीच गोठली असेल तर गाडीस ऊब देण्यावाचून उपाय नाही. इंजिन तापले की टाकीही वितळेल ही अपेक्षा नेहमी फळत नाही, कारण अनेक गाड्यांत टाकी इंजिनापासून दूर, चाकावरील पत्र्याच्या किंवा बंपरच्या आड असते. गाडी काही तास उबदार गॅरेजमध्ये अथवा एखाद्या तळघरातील वाहनतळावर उभी करावी. बर्फाचा लगदा झाला की टाकीत जेवढी जागा असेल तेवढे अधिक तीव्र द्रावण ओतावे आणि थांबावे. अल्कोहोल उरलेला बर्फ हळूहळू विरघळवते. पाणी वाहू लागले की फवारा बराच वेळ उडवून नळ्यांतील जुने पाणी बाहेर काढावे. मागच्या काचेस वायपर असेल तर तिकडचाही फवारा उडवावा. मागची नळी सर्वांत लांब असते आणि तिच्यात राहिलेले साधे पाणी पुन्हा गोठते.

येथे एक गंभीर सूचना. गाडी तापवण्यासाठी बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून थांबू नये. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड हा वायू रंगहीन आणि गंधहीन असतो, आणि तो माणसास नकळत मारतो. उघड्यावर इंजिन चालू ठेवतानाही धूर बाहेर टाकणारी मागची नळी बर्फाने बुजलेली नाही, हे आधी पाहावे.

टाळावयाच्या गोष्टी आणखी चार आहेत.

उकळते पाणी काचेवर ओतू नये. गार काचेस अचानक उष्णता मिळाली की खड्याने पडलेली बारीकशी चीर काचभर धावत जाते.

टाकीतही गरम पाणी ओतू नये. बर्फ तात्पुरता वितळतो खरा, पण द्रावण पातळ होते आणि रात्री सारे पुन्हा, पूर्वीपेक्षा घट्ट, गोठते.

इंजिनाचे कूलंट काच धुण्यास वापरू नये. ते काचेवर तेलकट ओघळ ठेवते, दृष्टी अधिकच अंधारते, आणि तेही विषारी असते.

मेणबत्ती, लायटर किंवा ज्योतीचे कोणतेही साधन टाकीजवळ नेऊ नये. मिथेनॉल सहज पेट घेते, आणि दिवसाउजेडी त्याची ज्वाला जवळजवळ दिसतही नाही.

वाटेत पाणी गोठले आणि काच मळू लागली, तर पुढच्या वाहनापासून अंतर वाढवावे, वेग कमी करावा आणि पहिल्या सुरक्षित जागी, पेट्रोल पंपावर वा विश्रांतिस्थळी, थांबावे. महामार्गाच्या कडेला गाडी उभी करून काच पुसण्यास उतरणे हे जीवावर बेतणारे साहस होय. प्रवासी कक्षात ठेवलेली द्रावणाची लहान बाटली आणि एक स्वच्छ फडके अशा वेळी कामी येते. फडके भिजवून काच हाताने पुसावी आणि पुढे तसेच थांबत-थांबत घर गाठावे.

घरातील निळे विष

काचेची काळजी घेणारे हे द्रावण घरात येते तेव्हा दुसरी जबाबदारी घेऊन येते. मिथेनॉल विष आहे. महाराष्ट्रास त्याची ओळख दुःखद प्रसंगातून झाली आहे : २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, ते या मिथेनॉलमुळेच. शरीरात गेल्यावर त्याचे प्रथम फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल बनते, आणि हे आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. शुद्ध मिथेनॉलचे १० मिलिलिटरही कायमचे अंधत्व आणण्यास पुरेसे ठरू शकते, आणि सुमारे ३० मिलिलिटर प्राणघातक ठरल्याचे वैद्यकशास्त्र सांगते. हिवाळी द्रावणात ते तिसऱ्या हिश्श्याएवढे वा त्याहूनही अधिक असू शकते. म्हणजे लहान मुलासाठी काही घोटही घातक होत.

त्यात हे द्रावण बहुधा सुंदर निळ्या रंगाचे असते. मुलांना ते सरबतासारखे वाटते. मोठ्या कॅनमधून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडे काढून ठेवण्याची सवय यासाठीच घातक आहे. नातवंडांच्या ओढीने हिवाळ्यात तिकडे गेलेल्या आजी-आजोबांनाही बाटलीत काय आहे हे ठाऊक नसते. द्रावण मूळ कॅनमध्येच, झाकण घट्ट लावून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावे. गाडीत ठेवायची लहान बाटलीही दुकानातून मूळ वेष्टणातच घ्यावी. नरसाळे वापरल्यावर धुऊन वेगळे ठेवावे. ते स्वयंपाकघरात परत आणू नये.

या विषाचा कपट असा की प्रथम काही तास विशेष लक्षणे दिसत नाहीत. डोके दुखणे, उलट्या, डोळ्यांपुढे बर्फाच्या मैदानासारखी पांढरी धूसरता अशी लक्षणे पुष्कळदा अर्ध्या दिवसाने किंवा त्यानंतर उमटतात, आणि तोवर मोलाचा वेळ गेलेला असतो. म्हणून मुलाने द्रावण प्यायल्याची केवळ शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये. उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. कॅन सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. अमेरिकेत विषबाधेसंबंधी सल्ल्यासाठी १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध असतो. वेळेवर उपचार मिळाल्यास मिथेनॉलचे घातक आम्लात होणारे रूपांतर रोखणारी औषधे आहेत आणि दृष्टी वाचू शकते.

या भीतीने कोणी साधे पाणीच बरे असे म्हणेल, तर थंड प्रदेशात तोही मार्ग नाही. गोठण्याखेरीज साध्या पाण्याचा आणखी एक दोष आहे. टाकीत दीर्घकाळ साचलेल्या पाण्यात लीजनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात आणि फवाऱ्याच्या तुषारांवाटे ते फुप्फुसात जाऊ शकतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात, टाकीत केवळ साधे पाणी वापरणे आणि या जिवाणूंमुळे होणारा न्यूमोनिया यांचा संबंध आढळला होता.

काश्मीर आणि हिमाचलकडे जाताना

परदेशी कोणी नाही म्हणून हा विषय आपला नव्हे, असे मानण्याचे कारण नाही. व्यापाराच्या निमित्ताने अथवा मुलांच्या नाताळच्या सुट्टीत स्वतःची गाडी घेऊन उत्तरेकडे जाणारी कुटुंबे वाढत आहेत. मनालीच्या पलीकडे ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा २०२० च्या ऑक्टोबरमध्ये खुला झाल्यापासून ऐन हिवाळ्यातही लाहौलच्या बाजूस सिस्सूपर्यंत पर्यटक पोहोचतात. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा 'चिल्लई कलान' हा कडक थंडीचा काळ असतो. त्या दिवसांत श्रीनगरात रात्री पारा शून्याखाली जाणे नित्याचे, तर लडाखमधील द्रास येथे तो उणे २० च्याही खाली उतरतो.

पुण्याहून वा नाशिकहून निघालेल्या गाडीच्या टाकीत साधे पाणीच असते. डोंगर चढण्यापूर्वी, चंदीगड किंवा जम्मूच्या आसपास, ते पाणी उडवून टाकी रिकामी करावी आणि गोठणबिंदू स्पष्ट छापलेले द्रावण भरावे. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांवर हा आकडा नसतो. ज्या बाटलीवर तो नाही, ती थंडीपासून संरक्षण देत नाही असेच समजावे. योग्य द्रावण मिळाले नाही तर टाकी रिकामीच ठेवणे हे साध्या पाण्याने भरण्यापेक्षा बरे; निदान टाकी व पंप फुटत नाहीत. अशा वेळी गाडी दिवसाउजेडी, सावकाश चालवावी आणि काच थांबून पुसावी.

वर्षाचा क्रम

वहीपूजन झाले की जशी नव्या वर्षाची खाती उघडतात, तसाच हिमप्रदेशातील गाडीच्या हिवाळ्याचा आरंभ दिवाळीशी जोडावा. तेथील पहिली कडक रात्र बहुधा त्यानंतर फार दूर नसते. त्या आठवड्यात जुने पाणी उडवून टाकी रिकामी करावी आणि पुरेशा आकड्याचे द्रावण भरावे. पुढच्या-मागच्या नळ्यांत नवे द्रावण आल्याची खात्री करून घ्यावी. वायपरचे रबर फाटले असेल तर तेही त्याच वेळी बदलावे, कारण फाटक्या रबराने उत्तम द्रावणही वाया जाते. एक जादा कॅन डिकीत, स्क्रेपर व फडके हाताशी ठेवावे. दर आठवड्यास पेट्रोल भरताना टाकीवर एक दृष्टी टाकावी.

द्रावणाचा एक कॅन तिकडे साधारण पाच डॉलरांच्या आत-बाहेर मिळतो. फुटलेली टाकी आणि जळालेला पंप बदलण्यास त्याच्या कित्येक पट खर्च येतो. आणि न दिसलेल्या रस्त्यावर जे गमावले जाते, ते कोणत्याही वहीत जमेस धरता येत नाही. परदेशी असलेल्या मुला-मुलींशी पुढच्या वेळी बोलताना घरच्या वडीलधाऱ्यांनी लोकरी कपड्यांबरोबर एवढेही विचारावे : टाकीत कोणते द्रावण आहे, आणि त्याचा कॅन घरात कोठे ठेवला आहे?